भाचीचे मासे

उनाइसीनं होडीच्या काठावरून वाकून तोंड पाण्यात घातलं आणि श्वास संपेपर्यंत वर काढलं नाही. पाण्याखाली बघायचा चष्मा लेकीचा, मेरेवाईचा होता, पट्टा सैल पडत होता, तो तिनं एका हातानं दाबून धरला होता. वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"आहेत?" मेरेवाईनं वल्हं आडवं धरत विचारलं.

"तूच बघ."

मेरेवाई वाकली. खाली प्रवाळाच्या खिंडीत हेकरूच हेकरू होते. एरवी हा मासा मोठा एकलकोंडा. आपली कपार सोडत नाही, दुसऱ्याला तिच्या आसपास फिरकू देत नाही. आज मात्र खडकाखडकावर टेकून बसले होते. माद्यांची पोटं गाभोळीनं तटतटली होती आणि नर एकमेकांना ढुशा देत होते.

"अगं आई, हे तर लग्नघर आहे!"

"लग्नघरच. आणि परवा तुझा मामा या मांडवात जाळं टाकणार."

मेरेवाईचं हसू विरलं. खिंडीच्या तोंडाशी रोवलेल्या खांबावर नारळाच्या वाळक्या झावळ्या फडफडत होत्या. उनाइसीचे वडील वारले त्या आठवड्यात तो खांब रोवला होता. घरातलं मोठं माणूस गेलं की समुद्राचा एक तुकडा शंभर रात्री बंद ठेवायचा, मग खांब उपटायचा आणि त्याच पाण्यातल्या माशांवर सगळ्या पाहुण्यांना जेवू घालायचं, ही त्यांची रीत. या खेपेला शंभर रात्री नेमक्या पौर्णिमेच्या तोंडावर भरत होत्या, आणि हेकरू अंडी टाकायला जमतात तेही याच दिवसांत.

उनाइसीनं हे आधी पाहिलं होतं. खाडीपलीकडे तिच्या सासरीही अशीच एक खिंड होती. पहिल्या वर्षी कुणाला तरी जमलेले हेकरू दिसले आणि होड्या बुडायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. गावभर गाणी झाली. दुसऱ्या वर्षी निम्मे आले. आता तिथं पौर्णिमेला नुसतं चांदणं पडतं. मासे कुठूनही येवोत, पण वीण होते ती अशा एखाद्याच जागी. ती जागा ओरबाडली की आजूबाजूचा सगळा समुद्र वांझ होतो.

तिनं राजधानीत, सुव्याला मत्स्यखात्यात फोन केला होता. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. जागा बघू, नकाशावर घेऊ, कायमची राखून ठेवता येईल म्हणाल्या. पण त्यांची बोट लांबच्या बेटांकडे होती, पौर्णिमेनंतर परतणार होती.

राहिला भाऊ. नेमानी आता घराण्याचा कर्ता होता, खांब काढायचा की नाही हे त्याच्या शब्दावर होतं. आणि नेमानीशी बोलायची तिला सोय नव्हती. वयात आलेले बहीण-भाऊ एकमेकांशी तोंडातोंडी बोलत नाहीत, समोर आले तर एकजण वाट सोडतो. त्यात राग नसतो, मान असतो. ज्याच्या पाठीवर बसून ती पोहायला शिकली, त्याच्याशी लग्नाआधीपासून ती एक शब्द बोलली नव्हती. निरोप जायचे ते भावजयीमार्फत.

लाइसा चुलीपाशी नारळ खवत होती. पलीकडे ओसरीवर नेमानी पाठ करून जाळं शिवत बसला होता. मध्ये भिंतसुद्धा नव्हती.

"वहिनी, त्याला सांग, एक महिना थांब. अंडी टाकू दे त्यांना. मग खुशाल खांब काढ."

लाइसानं खवणीवरून मान न उचलता आवाज चढवला. "ऐकलंत का? महिनाभर थांबा म्हणते बहीण."

"तिला सांग, वडिलांच्या जेवणाला सात गावं येणार. कोळ्याच्या घरी त्यांना काय पालापाचोळा वाढू?"

"पालापाचोळा वाढू का म्हणतायत."

"सांग, आमच्याकडं असंच झालं. डोळ्यांदेखत खिंड रिकामी झाली."

"सांग तिला, तिच्या सासरच्यांना भूक आवरली नाही. आपण एकच दिवस घेणार."

"एका दिवसातच संपतं ते," उनाइसी हळू आवाजात म्हणाली.

हे लाइसानं पोचवलं नाही. खोबऱ्याची वाटी तिनं बाजूला आदळली. "मी काय तुमची पोस्टमन आहे का गं? इकडून तिकडं करता करता माझी बोटं खवली जायची."

ओसरीवर नेमानीनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तो पुन्हा पुन्हा चुकत होता. त्यालाही धास्ती होती, हे उनाइसीला त्याच्या पाठीवरून कळलं. बापाच्या जेवणात मासा नाही, ही गोष्ट लोक नातवंडांपर्यंत सांगतात.

"मी मागते," संध्याकाळी चटया झटकताना मेरेवाई म्हणाली. "मामा मला नाही म्हणूच शकत नाही."

खरं होतं. बहिणीच्या लेकरानं मामाच्या गावात ज्यावर हात ठेवला ते त्याचं. मेरेवाईनं लहानपणी डुकराचं पिल्लू नेलं होतं, गेल्या वर्षी मामाचा नवाकोरा रेडिओ. मामा शिव्या घालतो आणि देतो.

"तो रेडिओ होता," उनाइसी म्हणाली. "ही माझ्या बापाची पंगत आहे. तुझ्या तोंडून मी बोलले, हे शेंबडं पोरही ओळखेल. माझं माहेर तुटेल, मेरे."

"मग नको मागू?"

उनाइसीनं हातातल्या चटईची घडी घातली. ती वाकडी आली म्हणून मोडली, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले. यांगोनाच्या मुळ्या कुटून केलेल्या पेयाची करवंटी हातोहात फिरू लागली, प्रत्येक घोटामागे टाळ्या वाजत होत्या. उनाइसी बायकांत मागे बसली होती. मेरेवाई पुढे होती, पण हलत नव्हती. करवंटी दोनदा फिरून आली तरी पोर गप्प. पोरीचा धीर सुटला असावा, असं उनाइसीला वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय हे कळून ती स्वतःवरच चिडली.

नेमानी उठला. "उद्या सकाळी खांब काढू," तो म्हणाला, "आणि जाळी..."

"मामा." मेरेवाई गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिनं ओंजळीनं टाळी वाजवली. "खिंडीतले हेकरू मी घेतले."

हशा पिकला. "आली बघा लुटारू!" नेमानीही हसला. "घे की. किती टोपल्या भरू?"

"सगळे घेतले. टोपली नको. ते आहेत तिथंच राहू देत. पौर्णिमा सरेपर्यंत माझ्या माशांना कुणी हात लावायचा नाही."

हसणं थांबलं. नेमानीनं भाचीच्या डोक्यावरून, बायकांच्या डोक्यांवरून, पार आढ्याकडे पाहिलं.

"मागितलं, दिलं," तो म्हणाला आणि खाली बसला.

दुसऱ्या दिवशी जेवणाला डुकराचं मांस होतं, अळूचे कंद होते आणि दुकानातून धावतपळत आणलेले डब्यातले मासे. पाहुणे चांगले होते, कुणी नावं ठेवली नाहीत.

मग तिचा दीर विलिसोनी ताट घेऊन शेजारी सरकला. सासरचे चौघं जण जेवायला आले होते.

"वहिनी, खिंड म्हणजे ती झावळ्यांच्या खांबापलीकडची ना?" त्यानं नारळाच्या दुधात कंद बुडवला. "आणि सगळे म्हणजे साधारण किती हो?"

उनाइसीचा हात ताटातच राहिला. भाचीचा हक्क बांधतो तो मामाच्या माणसांना. बाहेरून आलेल्या गावांना त्याचं काय? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जे झाकून ठेवायचं होतं ते त्यांनी चव्हाट्यावर मांडलं होतं.

"मला नाही माहीत, भाऊजी," ती म्हणाली. विलिसोनी हसला.

सकाळी उजाडता उजाडता ती किनाऱ्यावर आली, तर नेमानीची होडी जागेवर नव्हती. परक्यांनी न्यायच्या आत आपणच नेऊ, असं त्याच्या मनात आलं असेल. का येऊ नये? कालची नाचक्की त्याचीच होती.

लाइसा आधीच पाण्याच्या कडेला उभी होती. तिनं नुसतं बोट दाखवलं.

खिंडीच्या तोंडात नेमानीची होडी आडवी नांगरलेली होती. तीत जाळं नव्हतं. नेमानी मधोमध मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर थोड्या अंतरावर दोन होड्या उभ्या होत्या. एकीवर निळी ताडपत्री होती. ती ताडपत्री उनाइसीनंच शिवली होती.

"तुझ्या दिराची ना गं?" लाइसा म्हणाली. "हे पहाटेच गेले. मला म्हणाले, भाचीच्या मालाला राखणदार नको का?"

खिंड रुंद होती. एका होडीनं ती अडत नव्हती.

उनाइसीनं लेकीची छोटी होडी पाण्यात ढकलली.

"तू जाऊन काय करणार? तुला बोलायची चोरी!"

"त्याच्याशी. दिराशी बोलायला मला कोण अडवतंय?"

भावाकडे न बघता ती त्याच्या बाजूनं पुढे गेली, उरलेल्या मोकळ्या जागेत होडी आडवी घातली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"भाऊजी, तुमच्या धाकट्यानं कधी जिवंत हेकरू पाहिलाय?"

"सकाळी सकाळी काय हे, वहिनी."

"नाही पाहिला. मी पोटभर खाल्लाय, तुम्हीही खाल्लाय. त्याच्या वाटणीचा आपण खाऊन बसलो." तिचा आवाज चिरकत होता, पण ती मोठ्यानं बोलत होती, मागे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "असं करू नये हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतंय, आणि सांगायला कुणी नाही. माझा बाप गेला. भावाला मी मान खाली घालायला लावली."

"तुम्ही नक्की कुणाच्या, वहिनी? आमच्या का त्यांच्या?"

"तुमचीच. उद्या तुमच्याच घरी यायचंय, तुमची बोलणी खायची आहेत. खाईन. पण आज जाळं टाकलंत तर ते माझ्या होडीवर पडेल."

विलिसोनीनं इंजिनाच्या दोरीला हात घातला. ओढली मात्र नाही. भरती चढत होती आणि उनाइसीच्या होडीला नांगर नव्हता. होडी हळूहळू फिरून मधली वाट मोकळी करू लागली. ती वल्ह्यानं आवरत होती, पण दंड भरून आले होते.

मागून काहीतरी धप्पकन तिच्या पायाशी पडलं. दोराचं टोक होतं, ओलं, शेवाळलेलं. दुसरं टोक नेमानीच्या होडीला बांधलेलं असणार.

तिनं मागे पाहिलं नाही. खाली वाकून तिनं दोर काठाच्या कडीत ओवला आणि गाठ मारली.