खिशाच्या कोपऱ्यातला टाका

“सगळं नीट करायचं नाही हां, लिनो. नुसतं चालतं कर.”

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, पण असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं. लोक येतात ते ‘अगदी नव्यासारखं करून द्या’ म्हणत. ही बाई पाठीवर शालीत मशीन बांधून वामांगा शहराच्या बाजारापासून सगळा चढ चढून आली, गाठोडं माझ्या टेबलावर आदळलं आणि श्वास जागेवर यायच्या आत अटी घालायला लागली.

“अहो मावशी, केवढं हे लोखंडाचं धूड! निरोप धाडायचा, मी आलो असतो न्यायला.”

“तू येतोस! तुझं ‘उद्या येतो’ मला चांगलं माहितेय. तुझा बाप तस्साच होता.”

दोन्या इलारिया, म्हणजे इलारियाबाई, माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचा एफ्राइन आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, तेव्हापासून त्या माझ्या मावशी. एफ्राइनला तोंडं बांधलेली माणसं घरातून उचलून घेऊन गेली, त्याला तिसेक वर्षं झाली. तो गेला तेव्हा मावशींच्या वेण्या काळ्याभोर होत्या.

मी गाठोडं सोडलं. आत फिकट हिरवं मशीन, जपानी. नावाची पट्टी कधीच गळून पडली होती, पण मानेखाली ‘जपान’ एवढी अक्षरं शाबूत होती. या जपानी मशिनींवर माझा फार जीव. आपल्या डोंगराळ मुलखात त्या खेचरांवरून, ट्रकांच्या टपांवरून आल्या, धुळीत पडल्या, थंडीत गोठल्या, तरी रॉकेलने पुसून तेल द्यावं तर लगेच कामाला लागतात. नाहीतर हल्लीची ती प्लॅस्टिकची थेरं. वर्षभरात दात पडतात त्यांचे, आणि लोक मलाच शिव्या घालतात.

मी चाक फिरवून बघितलं. ढिम्म हलेना.

“तेल कुठलं घालत होता?”

“घरातलं.”

“घरातलं म्हणजे?”

“तळणाचं. दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला घालते. कोरडं पडू नये म्हणून.”

मी कपाळाला हात लावला. तळणाचं तेल इथल्या थंडीत सांध्यासांध्यात बसतं आणि वर्षानुवर्षं साचून त्याचा डिंक होतो. दुसरं कुणी असतं तर मी चांगली हजेरी घेतली असती. पण वाढदिवसाला, म्हणाल्या ना त्या. 

“बरं. पण सगळं नीट करायचं नाही, ही काय भानगड?”

मावशी स्टुलावर बसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कपडे बघून आले,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे एवढं म्हटलं की पुरतं. गावाबाहेर पडक्या वीटभट्टीच्या माळावर, उचलून नेलेल्यांना पुरलेला खड्डा उघडला होता. आत जे सापडलं ते धुऊन, वाळवून, चर्चशेजारच्या दालनात कागदांवर मांडलं होतं. एक पँट, एक बूट, अर्धा स्वेटर. घरोघरच्या बायका त्यांच्यामधून हळूहळू फिरतात. मी कधी जात नाही. माझ्यात तेवढी धमक नाही.

“एक शर्ट आहे. तपकिरी टेरिलीनचा. बाह्या गेल्यात, पण खिसा शाबूत आहे. पेन्सिलीसाठी कप्पा केलेला.”

“मग एफ्राइनचाच असेल.”

“त्या वर्षी निम्म्या गावाने त्याच ताग्यातून शर्ट शिवले, विसरलास? तुझासुद्धा होता की रे. कप्पे सगळ्याच आया करायच्या.” त्यांनी टोपीची कड चाचपली. “चुन्याने हाडं खाल्ली म्हणे. रक्ताच्या तपासणीतून काही निघालं नाही. आता उरलं ते कापड.”

मग त्यांनी मशीनची गोष्ट सांगितली. वरच्या गावातून पळून ते मायलेक शहरात आले, तेव्हा मशीन ट्रकवरून खाली पडलं होतं. तेव्हापासून ते सरळ छान शिवायचं, पण उलटा टाका घेताना पहिला टाका चुकवायचं. खिशाच्या कोपऱ्याला शिवण पक्की करायला मागे जावं, की तिथे एक लांब टाका नुसताच वर लोळत पडायचा. दर खिशाला, दोन्ही कोपऱ्यांना.

“एफ्राइन हसायचा. म्हणायचा, आई, तुझं मशीन मागे जाताना ठेचकाळतं. तुझा बाप म्हणाला होता, घेऊन या, करून देतो. राहूनच गेलं.” मग एकदम सावरून म्हणाल्या, “त्या खड्ड्यातल्या खिशाला लांब टाके आहेत. मी बघितले. पण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. मला तेच मशीन शिवताना बघायचंय. तिथली तपासणारी पोरगी, रोसिओ, म्हणाली, शिवून आणा, शेजारी ठेवून बघू.”

आता माझ्या ध्यानात आलं. मशीन पडल्यामुळे सुईची दांडी केसभर खाली सरकली असणार. एका स्क्रूचं काम. तो सैल करायचा, दांडी वर घ्यायची, घट्ट करायचा. मशीन साफ करताना मी ते न सांगताच करून टाकलं असतं.

“त्या स्क्रूला हात लावलास तर बघ,” मावशी म्हणाल्या. “सुईसुद्धा तीच ठेव.”

“मावशी, एक बोलू? असा दोष दुसऱ्याही मशिनींत असतो. मी बघितल्यात.”

“बोलून झालं? मग कामाला लाग.”

लागलो. रॉकेल सोडायचं, थांबायचं, बायकोचा केस वाळवायचा पंखा लावून लोखंड तापवायचं, परत रॉकेल. बायको कुरकुरली, “माझ्या केसांना आता रॉकेलचा वास येणार.” कुणाचं मशीन ते सांगितल्यावर तिने पंखा परत मागितला नाही. डिंक पिवळ्या खपल्यांनी निघत होता. एवढे वाढदिवस मी काडीने खरवडून काढले.

पण अवघड होतं ते न करायचं काम. हात आपोआप त्या स्क्रूकडे जायचा. आयुष्यभराची खोड. शेवटी मी त्याला लाल दोरा बांधून ठेवला, आमच्याकडे लोकरीच्या लामा जनावरांच्या कानाला खुणेसाठी बांधतात तसा. गंजकी सुई काढली, राखेने घासली आणि तीच परत बसवली.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. एफ्राइन कुणाला जंगलात दिसला होता, कुणाला लिमाच्या बाजारात. मावशी प्रत्येकाला पाव आणि चहा देऊन ते ऐकून घ्यायच्या. त्या घराच्या दाराला कडी लावत नसत. तो कधीही आला तर दार ढकलून आत यावा म्हणून. चोर आले, कोंबड्या नेल्या, तरी नाही. आता हा टाका चुकला की एफ्राइन मेला. नाही चुकला तर तो कुठेतरी आहे, आणि मावशी उघड्या दारातच मरणार. काय मागावं माणसाने? त्या देवाचा मला असा राग आला म्हणता!

चाक फिरलं त्या दिवशी मी त्यांना बोलावलं. माझ्या पायट्याच्या टेबलावर मशीन चढवून ठेवलं होतं. मावशी बसल्या. दोरा ओवायला मी पुढे झालो तर हात झटकला माझा. त्यांनी तो स्वतःच ओवला, चौथ्या प्रयत्नाला. तपकिरी कापडाचा एक तुकडा मी ठेवला होता, त्याचा खिसा मुडपला आणि पायटा हलवला.

इतक्या वर्षांनी बसल्या होत्या, पण पाय काही विसरले नव्हते. शिवण बाजूने खाली उतरली, तळाशी वळली, दुसऱ्या बाजूने वर चढली. कोपऱ्याशी त्या थांबल्या.  त्यांनी उलट्या टाक्याचा दांडा उचलून मशीन मागे घेतलं.

टक्, असा बारीक आवाज झाला.

त्यांनी दुसराही कोपरा केला, दोरा तोडला आणि खिसा उजेडात धरला. दोन्हीकडे एक एक लांब टाका वर लोळत होता. मावशींनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा.

“ठेचकाळलं,” त्या म्हणाल्या.

रडल्या नाहीत. मी मुन्याच्या पाल्याचा चहा करून दिला, तो सगळा प्यायल्या. मीच आपला आत जाऊन तोंड धुऊन आलो.

दालनात मी त्यांच्याबरोबर गेलो. जावंच लागलं. रोसिओने हातमोजे घालून दोन्ही खिसे शेजारी शेजारी ठेवले, भिंग लावून किती तरी वेळ बघितलं. तरुण पोरगी होती, पण डोळ्यांखाली काळं झालं होतं.

“आजी, टाके सारखे आहेत,” ती म्हणाली. “पण मी खात्रीने सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू? तुम्ही ओळखलंत असं म्हणालात, तर मी तसं नोंदवते. मग तो तुमच्या ताब्यात मिळेल.”

मावशी त्या शर्टाकडे बघत उभ्या राहिल्या. बाहेर आइस्क्रीमवाला घंटा वाजवत गेला. मला वाटलं, आता म्हणतील की नाही, हा नव्हे. म्हणावं, असंही वाटलं.

“लिही,” त्या म्हणाल्या. “एफ्राइन. माझा आहे.”

 दुकानात आल्यावर त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं. “आता फिरव तो तुझा स्क्रू. शर्ट शिवायचाय. तिथे वर तरी धड शिवणीचा घालू दे त्याला.”

पुरताना अंगाला नवे कपडे हवेत, अंग उरलं नसलं तरी. मी लाल दोरा सोडला, दांडी केसभर वर घेतली, घट्ट केली. मावशींनी कापड सरकवून उलटं शिवून बघितलं. टाक्याला टाका लागून आला. त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही खुलला नाही. मग गळ्यातली मापपट्टी काढली.

“उभा राहा.”

“माझं माप कशाला?”

“तुम्ही दोघं एका वयाचे ना? मग कुणाचं घेऊ?” त्यांनी माझे खांदे मोजले, हात मोजला, पट्टी कमरेभोवती आणली आणि थबकल्या. “काय रे हे! त्याचं पोट इतकं सुटलं असतं?”

“सुटलं असतं, मावशी. तुमच्या हातचं खाऊन.”

“मग दोन बोटं जास्त ठेवते,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या पोटाशी कपाळ टेकून बराच वेळ तशाच राहिल्या.

आमच्याकडे अशा दफनाच्या पेट्या पांढऱ्या असतात आणि लहान मुलाच्या मापाच्या, कारण ठेवायला फारसं नसतंच. त्यात पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या माणसाचा शर्ट मावेना. रोसिओ हलक्या आवाजात म्हणाली, “आजी, वरून नुसता पांघरूया का?” मावशींनी तो बाहेर काढला, परत घडी घातली, बाह्या आत दुमडल्या आणि तळव्यांनी दाबत दाबत बसवला. झाकण लागलं.

दफन झाल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. अंधारून आलं होतं. दाराशी त्या म्हणाल्या, “जा आता तू. बायको वाट बघत असेल.” आत गेल्या, दार लोटलं. मी वळलो तेवढ्यात आतून खडखड ऐकू आली. कुणीतरी लोखंड ओढत होतं, थांबत होतं, परत ओढत होतं.

“मावशी? काय झालं?”

“कडी सरकत नाही रे,” त्या आतून म्हणाल्या. “गंजलीय पार.”  मग म्हणाल्या, “लिनो, तुझ्या दुकानातलं थोडं तेल आण. मशीनचं आण. तळणाचं नको.”

मी धावतच गेलो आणि तेलाची पिचकारी घेऊन आलो. त्यांनी दार वीतभर उघडलं आणि हात बाहेर काढून ती घेतली. दार परत लोटलं. मी बाहेर थांबलो. दोन थेंब पुरतात, हे त्यांना सांगायचं राहिलं होतं, पण सांगितलं नाही. जरा वेळाने कडी सरकल्याचा आवाज आला, आणि मी घरी गेलो.