आमच्या घरातला प्रसिद्ध गुडघा

लग्न झाल्यापासून आमच्या घरात तिघं आहेत: मी, हे, आणि ह्यांचा उजवा गुडघा. तिघांत मान मोठा गुडघ्याचा.

हे म्हणजे फुटबॉलमधले एकेकाळचे नावाजलेले मिडफिल्डर. मिडफिल्डर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नघरात एक काका असतात बघा, सकाळपासून याला खुर्ची दे, त्याला पाणी दे करत राबतात आणि फोटोत मात्र कुठेच नसतात. मैदानावर हे तेच काम करायचे. गोल दुसऱ्यांनी केले, मिरवलेही दुसरेच. ह्यांच्या वाट्याला आला तो गुडघा.

गुडघ्याची कथा सगळ्या गावाला पाठ आहे. अंतिम सामना होता, गुडघा आधीच दुखावलेला. हे इंजेक्शन घेऊन उतरले. मध्यंतरानंतर गुडघ्यातून कट्कन आवाज आला, तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत ह्यांनी मैदान सोडलं नाही. सामना जिंकला, लोकांनी ह्यांना खांद्यावर घेतलं. घेणं भागच होतं, चालता कुठे येत होतं? त्या दिवसानंतर हे एकही सामना खेळले नाहीत, पण सत्कारातल्या भाषणात हा भाग सांगायचा नेमका राहून जातो. भाषण ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. जिना चढताना हे जे काही बोलतात, ते ऐकायला मी एकटीच असते.

स्वतःला पळता येईना की माणूस दुसऱ्यांना पळवतो, त्याला कोच म्हणतात. हे कोच झाले. एका क्लबने काढताना हार घातला, दुसऱ्याने तोही वाचवला. मग हा तिसरा क्लब मिळाला. इथे कपडे बदलायच्या खोलीचे पोपडे निघालेले आणि गरम पाणी त्याच्या मर्जीने येणार. घरच्यांच्या खुर्च्या कोचच्या बाकड्यामागेच, त्यामुळे ह्यांच्या शिव्या आम्हाला पहिल्या रांगेतून ऐकू येतात.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी आमच्या लेकीने लग्नाला निवडला तो ह्याच संघाचा कॅप्टन, आणि तोही मिडफिल्डर. मी म्हटलं होतं, "डॉक्टर बघ, वकील बघ, अगदीच नाही तर गोलकीपर तरी बघ." पण आमचं ऐकतंय कोण. जावई गुणी आहे, त्यात वाद नाही. खोट एवढीच की तो सासऱ्याचा भक्त आहे. गुडघ्याची कथा हे जिथे अडखळतात तिथे तो पुढचं वाक्य पुरवतो.

यंदा शेवटच्या सामन्यावर सगळं येऊन ठेपलं. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात राहणार होता. हरला तर खालच्या गटात, आणि ह्यांची नोकरी त्याहून खाली. त्याआधीच्या सुट्टीला लेक-जावई जेवायला आले. जावई जिना उतरत होता, हात कठड्यावर, प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपरात तोंड खुपसून बसले होते, म्हणजे ह्यांनीही पाहिलं होतं.

लेक स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"आई, तो इंजेक्शन घेऊन खेळणार आहे. डॉक्टर म्हणाले, असाच खेळलास तर गुडघा कायमचा जाईल. तू बाबांशी बोल ना. तो फक्त त्यांचंच ऐकतो."

"ऐकलंय म्हणूनच तर ही वेळ आली, बाई," मी म्हटलं.

ती दोघं गेल्यावर मी विषय काढला. "अहो, त्याला खेळवू नका."

"लहान आहे का तो? त्याचं त्याला कळतं."

"तुम्हाला कळलं होतं?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. संघाला रोज तासभर धैर्यावर व्याख्यान देणारा माणूस बायकोच्या एका प्रश्नापुढे रिमोटमागे लपला.

सामन्याला जावई उतरला. सुरुवातीला तर असा खेळला की माझ्या शेजारचा, क्लबचा अध्यक्ष, मला म्हणाला, "सासऱ्याचं नाव काढणार." मला त्याचीच भीती होती. लेकीने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

सामना बरोबरीत होता. मध्यंतरानंतर जावई वळायला गेला आणि खाली बसला. मग उठला, काही नाही असा हात केला, दोन पावलं लंगडला आणि पळायला लागला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लोकांचं काय जातंय? त्यांना थोडाच जिना चढायचा असतो.

हे बाकड्यावरून उठले. नुसते त्याच्याकडे बघत राहिले. मग रेषेजवळच्या पंचाकडे जाऊन त्यांनी खेळाडू बदलायला सांगितलं. आकड्याची पाटी वर गेली. त्यावर जावयाचा आकडा बघून अध्यक्ष म्हणाला, "वेड लागलंय का याला?"

जावई जागचा हलेना. शेवटी तावातावाने आमच्याकडच्या रेषेपाशी आला. मैदानावर तो ह्यांना नेहमी सर म्हणतो. आज ते विसरला.

"बाबा, मी नाही येणार बाहेर. तुम्ही आला होतात?"

"मला यायचं होतं," हे म्हणाले. "मी हात करत होतो. रडत होतो. कोच म्हणाला, दिसलं नाही."

मी इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केला, आणि हे मला खुर्चीत बसून, लोकांच्या घोळक्यात कळलं. मला ह्यांचा भयंकर राग आला. आणि तेव्हा एका पायावर रडत उभे असलेले हे, त्या पोराला आत्ता जाऊन बाहेर आणावंसं वाटलं.

जावई बाहेर आला. त्याच्या जागी जो गेला, तो पळताना चेंडू घरी विसरून आल्यासारखा दिसायचा. अगदी शेवटी आम्ही गोल खाल्ला. क्लब खालच्या गटात गेला. अध्यक्षाने एवढी तत्परता आयुष्यात पहिल्यांदाच दाखवली असेल, हे कपडे बदलून बाहेर येईपर्यंत नोकरी गेली होती. फाटकापाशी जमलेल्या लोकांनी ह्यांना जावयाला जपणारा सासरा आणि आणखी बरंच काही म्हटलं. सत्काराला रडायचे ते हेच लोक.

आम्ही गाडीत बसलो. मागच्या सीटवर जावयाने पाय लांब केला, लेकीने तो मांडीवर घेतला. 

"खरंच हात करत होतात?" जावयाने विचारलं.

"हो."

"मग इतकी वर्षं वेगळंच का सांगितलंत? मी त्यावर विश्वास ठेवून खेळलो, बाबा."

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोक टाळ्या वाजवत होते रे. त्यात ते सांगायचं राहिलं. मग मलाही तेच खरं वाटायला लागलं."

"मला खेळायचं होतं."

"माहीत आहे. मला बाहेर यायचं होतं, तर माझ्या कोचने काढलं नाही. तुला खेळायचं होतं, तर मी काढलं. दोघेही कोच वाईटच."

इतक्या वर्षांत मी ह्यांच्या खेळाबद्दल कधी बरा शब्द काढला नव्हता. तशी वेळ ह्यांनी येऊच दिली नव्हती.

"दुसरा बरा होता," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.