बिनतारी पाहुण्याचा चहा

हौशी रेडिओवाल्या गहिनीनाथने घोडेगावच्या घरात बीकन, म्हणजे आपोआप खुणेचे संदेश सोडणारा ट्रान्समीटर, बसवला, तेव्हापासून मनकर्णाचं डोकं उठलं होतं. ते पत्र्याचं खोकं दर मिनिटाला मोर्सच्या भाषेत टिकटिक करून तिच्या नवऱ्याचं बिनतारी नाव, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव, साऱ्या जगाला सांगायचं. ती बिचारी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नसे, आणि हे निर्लज्ज खोकं दिवसभर तेच घेत होतं.

"परका आवाज आला की आपलं खोकं बंद करायचं. रीत हाय ती," असं बजावून गहिनीनाथ धारा काढायला गोठ्यात गेला.

थोड्या वेळाने खोक्याशेजारच्या रिसीव्हरमधून वेगळीच, बारीक टिकटिक आली. मनकर्णाने लगेच खोक्याचं बटण खाली केलं. खोक्याची टिकटिक थांबलेली ऐकून गहिनीनाथ दुधाची चरवी घेऊनच आत धावला.

"बंद का केलंस?"

"पाहुनं बोलत्यात. आपन मधी कशाला बोलायचं?"

कान देताच गहिनीनाथचा चेहरा फुलला. कोलंबोचा एक गडी बीकन ऐकून त्यालाच हाका मारत होता. खोक्याची बडबड चालू राहिली असती, तर त्या हाका तिच्यातच बुडाल्या असत्या. त्याने घाईघाईने उत्तर ठोकलं.

"काय म्हनत्यात?" मनकर्णाने विचारलं.

"आपला आवाज लई खणखणीत येतोय म्हनत्यात."

"मग त्यांना दारातूनच लावून देता व्हय? चहाचं इचारा की."

चहा बिनतारीच्या नियमात बसतो की नाही, हे काही गहिनीनाथला आठवेना. तरी त्याने विचारलं. पलीकडून उत्तर आलं, तसा तो पोट धरून हसला.

"साखर कमी टाका म्हनत्यात."

मनकर्णाने पदर खोचला आणि चुलीवरच्या आधणात एक कप पाणी वाढवलं.