उघडायला काय झालं होतं?

मी एक जुने पुस्तक आहे आणि मला फार राग आला आहे. मित्रांनो, माझ्यात राजाराणी नाहीत की राक्षस नाहीत. कमावलेला पैसा कसा राखावा, एवढेच मी साध्या शब्दांत सांगतो. माझी पाने शिवताना छापखान्यातली बाई म्हणाली होती, "हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल हो!" त्या शब्दांनी मी किती हुरळून गेलो होतो!

मला विकत घेतले एका दादाने. झटपट श्रीमंत होण्याच्या कुठल्याशा सभेला तो गेला होता. तिथेच मला घेऊन, छातीशी धरून त्याने फोटो काढून घेतला, सगळ्यांना पाठवला आणि घरी येताच डुगडुगणाऱ्या फ्रिजच्या पायाखाली मला सरकवले. एकही पान न उलटता! ठिबकणाऱ्या पाण्याने माझी पाठ फुगली. वर हा मित्रांना सांगायचा, "वाचलंय मी ते. काही दम नाही त्यात."

मला बाहेर काढले त्याच्या धाकट्या बहिणीने. ती केस कापण्याच्या दुकानात कामाला होती. पगार आला की बघता बघता उडायचा आणि महिनाअखेरीस आईपुढे हात पसरताना तिची मान खाली जायची. तिने मला पुसून दुकानात नेले. गिऱ्हाईक नसले की ती वाचायची. माझ्या पानांत बारीक केस अडकायचे. आवडलेल्या ओळींखाली ती भुवयांच्या पेन्सिलीने रेघ ओढायची.

पगार हातात पडताच आधी काही बाजूला काढावे, हे तिने वाचले, मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी नवे बूट घेतले. दुसऱ्या दिवशी मला धाडकन मिटून म्हणाली, "तुझं काय जातंय सांगायला!" पण तिने मला पुन्हा उघडले. पुढच्या पगाराला ती टिकली, नंतर एकदा घसरली, मग पुन्हा सावरली. हळूहळू तिला मोहाला नाही म्हणता येऊ लागले. कामातही ती नेटकी झाली. गिऱ्हाइके तिलाच शोधत येऊ लागली.

एके दिवशी मालकीणबाई तिला म्हणाल्या, "मी आता थकले गं. तू घेतेस का दुकान?"

त्याच आठवड्यात दादा एका गृहस्थाला घरी घेऊन आला. सगळे त्याला दुप्पटशेठ म्हणत.

"तुझी शिल्लक याच्याकडे दे," दादा म्हणाला. "वर्षात दुप्पट!"

"कशातून होतात दुप्पट?" तिने विचारले.

दुप्पटशेठ हसला. "ताई, ते तुम्हाला नाही कळायचं."

"मग कळेपर्यंत माझे पैसे माझ्याकडेच राहू देत."

दादा भडकला. "चार पानं वाचलीस आणि भावाला नाही म्हणायला शिकलीस?"

आईनेही डोळ्यांना पदर लावला. "अगं, दादा घरचाच आहे ना!"

ती आईकडे वळली. "घरचा आहे म्हणूनच सांगते, आई. त्यानेही पैसे देऊ नयेत."

कोण ऐकतो! दादाने मोटरसायकल विकून पैसे दिले. दुप्पटशेठचा फोन लवकरच बंद झाला, त्याच्या कचेरीलाही कुलूप लागले. बहिणीने मात्र साठवलेल्या पैशांतून दुकान घेतले.

आणि उद्घाटनाला दादा काय म्हणाला ठाऊक आहे? "हे पुस्तक हिला मीच आणून दिलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा नुसता संताप झाला! एवढ्यावर तो थांबला नाही. म्हणाला, "याला काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावू. बरकत येईल."

"दादा," बहीण म्हणाली, "त्या खुर्चीत बस आणि वाच."

पाहुणे गेल्यावर तो आरशासमोर बसला. दोन पाने वाचली, चार वाचली. त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "हे मला आधी कुणीच कसं सांगितलं नाही?"

कुणीच सांगितले नाही! मित्रांनो, मी त्याच्याच घरात होतो, त्याच्याच पैशांनी घेतलेला!

बहिणीने फक्त त्याच्या डोक्यावरचा दिवा लावला. तो खाली मान घालून वाचत राहिला.

माझा राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगतो, मला मखरात बसवू नका, मिरवू नका. माझी पाने दुमडा, माझ्यावर रेघा ओढा, न पटले तर माझ्याशी भांडा. पण मला वेळेवर उघडा हो!