मांजरवाट बुजली त्या दुपारी

मी एक जुनी पितळी शेगडी आहे. गोल, पसरट, दोन कानांची, आणि कडेला हा एवढा मोठा पोचा. पोचा आधीच सांगून टाकते, कारण मला बघणारा प्रत्येक जण आधी त्याचीच चौकशी करतो. मित्रांनो, ज्या दुपारी हा पोचा पडला, त्या दुपारी मी दोन माणसांचा जीव घेत होते. मुद्दाम नव्हे. पण घेत होते.

आता सुरुवातीपासून ऐका, आणि मधेच उठून जाऊ नका!

लुसेना गावच्या एका तांबटाने मला घडवले. किती ठोकले म्हणून सांगू! शेवटचा घाव घालून तो म्हणाला, "ही पन्नास हिवाळे काढेल." बिचाऱ्याचा अंदाज चुकला. मी नव्वद काढले आहेत. खेचराच्या पाठीवर बसून मी डोंगरातल्या बेनहारा गावात आले, एका नवरीबरोबर, तिच्या आंदणात.

दक्षिण स्पेन म्हटले की लोकांना ऊनच आठवते. त्यांनी जानेवारीत आमच्याकडे येऊन दाखवावे! भिंती दगडी, जमीन दगडी, आणि बाहेरच्यापेक्षा घरात थंडी जास्त. म्हणून आमच्याकडे गोल टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारे जाड कापड घालतात, टेबलाखाली मला ठेवतात, आणि घरातले सगळे त्या कापडाखाली पाय घालून बसतात. त्यामुळे मला माणसांचे चेहरे फारसे माहीत नाहीत. मला पाय माहीत आहेत. थंडीने सुजलेली लाल बोटे, ठिगळांचे बूट. वर ऑलिव्हच्या पिकावर गंभीर चर्चा चाललेली असताना खाली हळूच एकमेकांना लागणारे दोन तरुण पाय. (मी कोणाला काही सांगितले नाही हं!) माझ्या निखाऱ्यांवर लव्हेंडरची फुले टाकत, बाळाचे लंगोट माझ्यावर वाळत. पळीने वरची राख हलकेच फिरवली की आतला निखारा लाल होई. ती पळी ज्याच्या हातात, घर त्याचे. हा आमच्याकडचा कायदाच.

मग विजेची शेगडी आली. मला अंगणात नेले आणि माझ्यात जिरेनियम लावले. फुले मला आवडतात, पण मी काय कुंडी आहे? कित्येक वर्षे कोणी मला पुसलेसुद्धा नाही.

त्या नवरीची लेक म्हणजे अंगुस्तियास. आता तीच पंच्याहत्तरीची. समोरच्या घरात एकटी राहते, आणि हे आईचे दोन खोल्यांचे घर तिने रिकामे ठेवले होते. बार्सिलोनातला तिचा मुलगा फोनवर सारखा मागे लागलेला असे, "आई, विकून टाक. कंपनी गल्लीतली सगळी घरं घेतेय, पर्यटकांसाठी." ती म्हणायची, "बघू." तिचे 'बघू' तीन वर्षे चालले होते.

त्या ऑक्टोबरमध्ये बसमधून हेनिंग आणि बिर्ते उतरले. डेन्मार्कचे. आमच्या गावात सगळे गोरे पाहुणे 'इंग्रज'च, म्हणून तेही इंग्रज झाले. हेनिंग सुतार होता. पण तिकडच्या ओल्या थंडीने त्याची बोटे अशी आखडली होती की हिवाळ्यात त्याला शर्टाची बटणेही लावता येत नसत. डॉक्टर म्हणाले, हिवाळा कोरड्या उन्हात काढा. म्हणणे सोपे असते! पेन्शन छोटी. समुद्रकाठी तीन आठवडे त्यांनी घरे शोधली. एकाला खिडकीच नव्हती. दुसऱ्याचे भाडे दोघांच्या पेन्शनपेक्षा जास्त होते. तिसऱ्या घरमालकाने आगाऊ रक्कम घेतली आणि फोन उचलणेच बंद केले. परतीच्या तिकिटाला दोन दिवस उरले असताना त्यांनी आमच्या दारावरची 'भाड्याने देणे' ही पाटी वाचली.

मी अंगणात होते. मला सगळे ऐकू येत होते.

"दोन्या अंगुस्तियास, आम्हाला फक्त हिवाळ्यापुरतं हवंय," बिर्ते म्हणाली. तिने संध्याकाळच्या वर्गात आमची भाषा शिकली होती. "ऑक्टोबर ते ईस्टर."

"दोन्या-बिन्या असलं मानाचं काही नको. मी काय नोटरीची बायको आहे? महिन्याला दोनशे ऐंशी युरो. आणि हीटर नाही, टेबलाखाली विजेची शेगडी तेवढी आहे, आधीच सांगते."

"चालेल."

"नळाचं गरम पाणी मधूनच रुसतं."

"चालेल."

"आणि भिंतीपलीकडे हा फ्रास्कितो राहतो."

फ्रास्कितो, सत्तरीचा म्हातारा, कट्ट्यावरून ओरडला, "बाई, यावर मात्र नीट विचार करा!"

बिर्ते हसली. अंगुस्तियास हसली नाही. "हा एक हिवाळा बघते. दोन फेब्रुवारीला, कान्देलारियाच्या सणाला, सांगेन. माझं घर नीट ठेवलंत, तर दरवर्षी तुमचं. नाहीतर मुलगा म्हणतो तसं."

म्हणजे बघा मित्रांनो, त्या दोघांचे सगळे पुढचे हिवाळे एका तारखेवर येऊन टांगले.

आणि हेनिंगची बोटे खरोखर उघडली! नाताळापर्यंत तो अंगणात बसून संत्री सोलू लागला. जानेवारीत एके सकाळी त्याने पटाशी हातात धरली. तीन वर्षांनी! बिर्ते दारात उभी राहून नुसती बघत राहिली.

सणाला तीन दिवस राहिले असताना वादळ आले. तार तुटली, गावाची वीज गेली, विजेची शेगडी थंड पडली. अंगुस्तियास तरातरा अंगणात आली, माझ्यातली वाळकी जिरेनियम उपटून फेकली आणि लिंबू-मीठ लावून मला असे घासले की मी पुन्हा नवरीच्या आंदणातली झाले. आनंद काय सांगू! तिने बिर्तेला सगळे शिकवले.

"ऑलिव्हच्या काटक्यांचा कोळसा. उंबऱ्याबाहेर पेटवायचा. पूर्ण धूर जाऊ दे. मग वर राख, मग आत. कळलं?"

"कळलं."

"कापड निखाऱ्याला लागू द्यायचं नाही."

सगळे सांगितले. एक सोडून. पेटत्या कोळशातून एक विष निघते. त्याला रंग नाही, वास नाही. वारा असला तर ते निघून जाते, कोंडले तर माणसाला झोपवते, कायमचे. हे अंगुस्तियासने सांगितले नाही, कारण आमच्याकडे हे कोणी कोणाला सांगतच नाही. विहिरीत चालत जाऊ नका, असे कोणी सांगते का? आमची घरे आपसूक श्वास घेतात. खिडक्यांना फटी, आणि प्रत्येक जुन्या दाराला तळाशी एक गोल भोक, मांजराला ये-जा करायला. ती मांजरवाट. पहिली रात्र त्यामुळेच सुखाची गेली.

आमच्या गल्लीच्या बोक्याचे नाव मंत्री. खातो सगळ्यांकडे, काम शून्य. रोज जेवणानंतर तो या वाटेने आत येई आणि टेबलाखाली झोपे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेनिंग कामाला लागला. त्याच्या देशात चांगले घर म्हणजे बंद घर. वारा आत आला की सुताराची लाज जाते! त्याने खिडक्यांच्या फटींत पट्ट्या ठोकल्या. दाराच्या चारी कडांना नमदा, म्हणजे जाड लोकरी पट्टी, लावला. आणि मांजरवाटेवर अक्रोडाची एक फळी बसवली, अशी घट्ट, अशी सुबक, की सुईसुद्धा जाऊ नये.

"मंत्री कुठून येणार?" बिर्तेने विचारले.

"दार वाजवेल. मंत्री आहे ना!" तो खुशीत होता. "अंगुस्तियासला दाखवू. म्हणेल, भाडेकरू असावा तर असा."

आणि तो आपल्या बोटांकडे बघून हसला.

जेवण झाले. बाहेर पाऊस आणि वारा, गल्ली चिडीचूप, सगळे गाव दुपारच्या झोपेत. शिकवल्याप्रमाणे बिर्तेने मला बाहेर पेटवले, राख घातली, आत आणले, टेबलाखाली ठेवले. दार लावले. दार लागताना नेहमी कुरकुरायचे. आज नुसते 'फफ्' झाले.

मला तेव्हाच कळले.

माझ्या राखेवर नेहमी एक बारीक वाऱ्याची झुळूक फिरते, मांजरवाटेतून आलेली. आज राख हलेना. एक कणसुद्धा नाही.

मित्रांनो, तुम्हाला तोंड आहे. तुम्ही ओरडू शकता. मी फक्त जळू शकते, आणि जळणे हाच तर गुन्हा होता. मला विझताही येईना.

बिर्तेच्या पायांत लाल लोकरी सपाता होत्या. तिला गाणे गुणगुणायची सवय, आणि गुणगुणताना उजवा पाय टक-टक वाजायचा. टक-टक, टक-टक.

"डोकं जड झालंय," ती वर म्हणाली.

"मसूर जास्त खाल्लीस," हेनिंग म्हणाला. त्याचा आवाज लांबून आल्यासारखा.

"पाच मिनिटं डोकं टेकते. इथेच."

टक. टक. मग बऱ्याच वेळाने टक.

मग काहीच नाही.

हेनिंगचा पाय घसरत घसरत माझ्या कडेला येऊन टेकला. त्याचा मोजा करपू लागला. हाल ना रे, मी मनात म्हणत होते. चटका बसतोय, पाय ओढून घे! माणूस झोपेतही चटक्याने पाय ओढतो. त्याने ओढला नाही.

तेवढ्यात दाराबाहेर 'म्याव' झाले.

मंत्री! त्याने आपल्या वाटेवर डोके आपटले. वाट नव्हती. फळीवर नखे ओढली, खर्र, खर्र. आणि मग असा गळा काढला की काय सांगू! पावसात भिजलेला, झोपेला मुकलेला, अपमान झालेला बोका. ओरडला, थांबला, पुन्हा ओरडला.

समोरचे दार उघडले.

"काय रे, कोणी मारलं का तुला?" अंगुस्तियासचा आवाज. पावलांचा आवाज. आणि मग, "हे काय! माझ्या आजोबांच्या दाराला फळी? न विचारता? अहो इंग्रज! उघडा! सणाची वाट बघायची गरजच नाही, आत्ताच सांगते मी!"

तिने दार ठोकले. आतून कोणी बोलले नाही.

"ऐकू येत नाही का? दिवसा कडी लावतात का कोणी?"

कडी लावलेली नव्हतीच. नमद्याने दार घट्ट धरले होते. ती ढकलत होती, दार हलत नव्हते. मग एकदम तिचा आवाज बदलला. हळू झाला.

"बिर्ते? बिर्ते, शेगडी पेटवलीयस का गं?"

मला ओरडता आले असते, तर म्हणाले असते, 'हो! हो!'

"फ्रास्कितोऽ! ऊठ, मेल्या, ऊठ!"

"आग लागली का?" तो सपातांत धावत आल्याचे ऐकू आले.

"आग असती तर बरं झालं असतं. खांदा लाव!"

एकदा. दोनदा. हेनिंगने काम चोख केले होते ना! तिसऱ्या धक्क्याला नमदा फाटला, दार धाडकन भिंतीवर आदळले आणि वारा आत शिरला. माझी राख उडाली. आयुष्यात इतकी गोड झुळूक मी कधी अनुभवली नव्हती.

अंगुस्तियासने टेबलाचे कापड ओढले, पदरासारखा ॲप्रन हाताला गुंडाळला, मला दोन्ही कानांना धरले आणि थेट गल्लीत भिरकावले. मी दगडावर आपटले. पावसात सगळे निखारे चर्रकन विझले. हाच तो पोचा. नव्वद वर्षांत मला इतके सुंदर कोणी फेकले नव्हते.

फ्रास्कितोने हेनिंगला काखेत हात घालून उंबऱ्याबाहेर ओढले. अंगुस्तियास बिर्तेला बाहेर ओढून तिच्या गालावर थापट्या मारत होती. "उघड डोळे. उघड म्हणते ना! भाडं बुडवून जायचं नाही!" आणि रडत होती. पावसात पडल्या पडल्या मी तो लाल सपातेचा पाय बघत होते. किती वेळ गेला, मला ठाऊक नाही. मग तो पाय हलला. टक नव्हे, नुसती बोटे आखडली. पण हलला! हेनिंग खोकायला लागला. खालच्या गावाहून रुग्णवाहिका आली आणि दोघांना घेऊन गेली.

दोन दिवसांनी ते परतले, सणाच्या सकाळी. आल्या आल्या बिर्तेने ट्रंक उघडली आणि कपडे भरू लागली. समोरच्या घरात मुलाचा फोन चालू होता, तो गल्लीभर ऐकू येत होता. "आई, आता तरी काढ त्यांना!"

अंगुस्तियास दार न वाजवताच आत आली. तिच्या हातात माझी पळी होती.

"कुठे निघालात?"

"आम्ही तुमचं दार बिघडवलं," बिर्ते खाली बघत म्हणाली. "तुम्ही सांगायच्या आधीच जातो."

"हे दार माझ्या आजोबांचं. ते भोक त्यांनीच पाडलं. मला वाटलं, हे जगात सगळ्यांना माहीतच असतं. नळाची खोड सांगितली, फ्रास्कितोची सांगितली, आणि ज्यावर जीव अवलंबून, तेच सांगितलं नाही. मग चूक कोणाची?"

"अर्धी अर्धी," दारातून फ्रास्कितो म्हणाला. "खांदा मात्र माझा पूर्ण दुखतोय."

अंगुस्तियासने पळी बिर्तेच्या हातात दिली. "ऑक्टोबर ते ईस्टर. दरवर्षी."

"पण तुमचा मुलगा..."

"सतरा वर्षांत त्याचे पाय या टेबलाखाली आलेले नाहीत. त्याला मी सांगते."

त्या संध्याकाळी चौकात शेकोटी पेटली. हेनिंगने अक्रोडाची ती फळी स्वतः नेऊन आगीत टाकली. तीन वर्षांनी हातून झालेले पहिले काम! ती जळेपर्यंत तो बघत होता, आणि अंगुस्तियास त्याच्या शेजारी उभी होती.

मित्रांनो, मला घासा, पुसा, जपा, एवढेच सांगून मी थांबले असते. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्याकडे कोणी नवे राहायला आले, तर त्यांना किल्लीबरोबर तुमच्या घराची ती गोष्टही सांगा, जी सांगायची तुम्हाला कधी गरजच वाटली नाही. आणि तुम्ही कुठे नवे असाल, तर एखादे भोक बुजवण्याआधी विचारा, हे इथे कशासाठी आहे?

आता दर ऑक्टोबरमध्ये ते दोघे येतात. हेनिंग सामान सोडण्याआधी जमिनीवर पालथा पडतो आणि मांजरवाटेला डोळा लावतो, गल्ली नीट दिसते की नाही ते बघायला. टेबलावर कापड अजून घातलेले नसते, म्हणून खालून मला त्याचे तळवे दिसतात. पलीकडून अंगुस्तियासचा आवाज येतो, "आलात का? श्वास चालू आहे ना?"

तो उत्तर देणार, एवढ्यात मंत्री त्याच्या नाकावर पाय देऊन आत येतो.