दोन जिवंत नाकतोडे

"वसू, दोघांना रोज दोन-दोन नाकतोडे. जिवंतच हं. हललं नाही तर त्यांना ते खाणं वाटतच नाही गं."

मद्रासला निघताना अण्णानं बजावलं होतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ त्रिविक्रम; तो बसवनगुडीजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. पडवीतल्या जाळीच्या पेटीत त्यानं गोसुंबेंची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यांची, जोडी पाळली होती. परीक्षेच्या कामाला त्याला पंधरा दिवस जायचं होतं.

"घालीन," मी म्हटलं.

दोनच दिवसांनी चातुर्मास लागला. या चार महिन्यांत आपल्या हातून जीव जाऊ द्यायचा नाही, हा माझा बारा वर्षांचा नेम. निघायच्या घाईत अण्णाला तो आठवला नाही. मला आठवत होता, तरी मी बोलले नाही.

मग मीच वाट काढली. दिव्याखाली आपोआप मरून पडलेले किडे सकाळी वेचायचे आणि पेटीत ठेवायचे. एकादशीला तेही नाही.

शेजारच्या कमलाक्का जाळीतून डोकावल्या. "काय गं, यांनाही उपास? आता अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा लावून मठातच पाठव की!"

"स्वल्प पुण्य त्यांनाही मिळू दे, अक्का," मी म्हटलं. दोघी हसलो.

संध्याकाळी किडे जिथल्या तिथे असायचे. सकाळचं पाणी शिंपडलं की दोघं थेंब चाटायची. तेवढं बघून मी समाधान मानायची.

बाराव्या दिवशी मादी फांदीखाली पडलेली दिसली. उचलली तर सुकल्या पानाएवढंही वजन नव्हतं. नर वर फांदी धरून होता. त्यानं एक खोल गेलेला डोळा हळूच माझ्याकडे फिरवला.

नेम माझा होता. उपाशी ती राहिली.

तगरीखाली तिला पुरलं. आंघोळ करून तुळशीपाशी गेले. दिवा लावला, पण रोजचा श्लोक तोंडून निघेना. "आज नेम मोडतेय," एवढंच सांगितलं. अण्णाला काय सांगायचं, ते अजून सुचलं नव्हतं.

फुलांची परडी घेतली, वर झाकायला ओला पंचा घेतला.

"इतक्या उशिरा फुलं?" कमलाक्कांनी कुंपणातून विचारलं.

"फुलं नव्हेत, अक्का," मी म्हटलं, आणि घरांमागच्या नाचणीच्या शेताकडे निघाले.