मिकेलिनाचं ताट

एक नोव्हेंबरच्या संध्याकाळी दक्षिण इटलीतल्या आमच्या गावात घरोघरी मेलेल्यांसाठी टेबल मांडतात. पाव, तेलाचा दिवा आणि भरपूर पाणी. मेलेली माणसं लांबून चालत आलेली असतात, तहानलेली. दोनाताआजी, माझ्या नवऱ्याची आजी, त्र्याण्णव वर्षांची, एकेक नाव घेत ताट ठेवते. नवऱ्याचं, दोन मुलग्यांचं, तिला वाढवलेल्या आजीचं. आईचं कधीच नाही.

"ती अमेरिकेत जेवतेय," ती म्हणायची. "माझ्या भावाला, रोक्कोला घेऊन बापाकडे गेली, मुलगा ना तो. मी आठ महिन्यांची, मला टाकलं. एक ओळ नाही पाठवली."

त्या ऑक्टोबरात माझ्या तान्ह्या लेकीचे, तेआचे डोळे आले होते. सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. मी पाणी उकळून वाडग्यात निववायची, कापसाने पुसायची, आणि नाकाखाली बोट धरून बघायची.

"नुंझिया, श्वास घेतेय ती. आता तू घे," आजी म्हणाली. "माझेही असेच पिकायचे म्हणे लहानपणी. मेले का मी?" मग जरा थांबून, "तू कॉलेज शिकलीस. तुझ्या फोनात बघ ना, ती कधी मेली ते. मला विसरून किती वर्षं जगली, एवढं कळू दे. मग मी जायला मोकळी."

जुन्या बोटींच्या उतारूंच्या याद्या फोनवर बघता येतात. आठवडाभर मी तेआला पाजता पाजता आजीच्या आईचं नाव, 'मिकेलिना पास्कारेल्ली', शोधत राहिले. अमेरिकेतली यादी, म्हणजे नवऱ्याचंच आडनाव लावलं असणार, असं धरून चालले होते. मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे नर्सने मला माझ्या वडिलांच्या आडनावाने हाक मारली, आणि मी कपाळावर हात मारला. आमच्या बायका माहेरचं आडनाव घेऊनच मरतात. यादी तर नेपल्सला बोटीवर चढतानाच लिहिलेली.

लावेक्या, मिकेलिना, सव्वीस. एप्रिल १९२१. खाली मुलांच्या आडनावाच्या जागीही कारकुनाने 'वरचंच' अशा खुणा केलेल्या. रोक्को, चार. आणि तिसरी ओळ : दोनाता, आठ महिने. त्या ओळीवरून शाईची आडवी रेघ.

नेपल्सच्या धक्क्यावर डॉक्टर पापण्या उलट्या करून बघायचे. चिकटलेले डोळे घेऊन कुणाला चढू देत नसत.

शेवटच्या पानावर, अमेरिकेच्या बंदरात अडवून ठेवलेल्यांमध्ये, मिकेलिना पुन्हा होती. इस्पितळ. ताप. उतरल्यापासून अकराव्या दिवशी मृत. मुलगा बापाच्या ताब्यात.

सांगू नये असंही वाटलं. पण एक तारखेला आजी ताटं पुसत बसली होती, तिनेच विचारलं, "किती वर्षं?"

"अकरा दिवस, आजी."

ती पुसत राहिली. एकच ताट, पुन्हा पुन्हा.

"तुझंही नाव आहे यादीत. ती तुला नेत होती. धक्क्यावर डोळे बघून खोडलंय."

"दाखव."

तिला वाचता येत नाही. मी फोनवर ओळ दाखवली. तिने रेघेवर बोट ठेवलं, तसं पान सरकून गेलं.

"गेली कुठे?" ती घाबरून म्हणाली. मी पान परत आणलं. या वेळी तिने बोट काचेपासून जरा वर धरलं.

"अंगावर पीत होते मी," ती म्हणाली. "बोटीवर तिला दूध येत असेल गं. मी इकडे."

मी तेआला घट्ट धरलं.

आजी उठली. मिकेलिनाचं ताट स्वतःच्या खुर्चीसमोर ठेवलं. पेला भरला.

"या रात्री ब्याण्णव वेळा आली असेल. दारातून बघून परत गेली असेल, तशीच तहानलेली."

मग तिने दुसरा पेला भरला. मग तांब्या, चहाचे कप, मग तेआचे डोळे पुसायचा वाडगा. टेबलावर जागा उरली नाही तरी ती कपाटात आणखी भांडी शोधत होती.